कानाखालची गाठ, रिपोर्टात 'मायोएपिथेलियल' लिहिलंय. साधी की कॅन्सरची हे ठरतं कसं?

ओझरकर

नमस्कार मंडळी. माझी आत्या पंचवटीत असते, वय ५८. डाव्या कानाच्या पाळीखाली तिला गाठ आहे, आहे म्हणजे बरीच वर्षं आहे, दुखत नाही खुपत नाही म्हणून कोणी लक्षच दिलं नाही, पण दिवाळीनंतर जरा मोठी वाटायला लागली, पदर घेतला तरी दिसते म्हणाली. मग कॉलेज रोडला सोनोग्राफी केली, पॅरोटिड म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथीत २.८ सेंमीची गाठ असं आलं. ईएनटीच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी म्हणजे एफएनएसी करायला सांगितली, तिचा रिपोर्ट काल हातात आला आणि तेव्हापासून घरात नुसता कल्ला चाललाय.

रिपोर्टात शेवटी जे आहे ते मराठीत सांगायचं तर, मायोएपिथेलियल पेशी जास्त असलेला निओप्लाझम (नवी वाढलेली गाठ), मिलान कॅटेगरी चार-बी, मॅलिग्नंट (कॅन्सरची) निघण्याची शक्यता अनिश्चित. खाली एक ओळ, ऑपरेशन करून हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीची मायक्रोस्कोपखाली तपासणी) करावी. आता मला सांगा, पैसे भरले, सुई टोचून घेतली आणि उत्तर काय तर अनिश्चित! आतोबा म्हणतात लॅबवाल्याला कळलेलंच नाही, दुसरीकडे परत सुई मारू. चुलतभाऊ म्हणतो वेळ घालवू नका, थेट मुंबईला टाटा गाठा. शेजारच्या काकूंचं म्हणणं गाठीला सुरी लावली की ती पसरते, हातच लावू नका. आणि आत्याचं एकच, आधी मला सांगा कॅन्सर आहे का नाही, मग ऑपरेशनचं बोलू.

रात्री नेटवर वाचत बसलो तर डोकं अजून फिरलं. त्याच पेशीच्या दोन गाठी म्हणे, मायोएपिथेलिओमा म्हणजे साधी आणि मायोएपिथेलियल कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, आणि दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर मला काही फरक दिसेना (मला काय कळतंय म्हणा). तर हे नेमकं ठरतं कशावरून? सुईत का कळत नाही? आणि आधी मोठी बायोप्सी काढून नक्की करून घेतलं तर काय बिघडतं? इथं कोणी डॉक्टर असतील तर कृपया साध्या भाषेत सांगा.


लासलगावची_सून

दादा, डॉक्टरी माहिती मला नाही पण आमच्या सासऱ्यांचं पॅरोटिडचंच ऑपरेशन नाशिकला झालेलं आहे, त्यांची गाठ प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा निघाली, साधी. तुम्ही आत्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर घाबरायला होत नाही. एक म्हणजे चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते, त्यामुळे ऑपरेशननंतर काही दिवस तोंड एका बाजूला वाकडं दिसू शकतं, सासऱ्यांना चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळायचं, हळूहळू सगळं सुधारलं. दुसरं, कानाची पाळी बधिर राहते, ती अजून थोडी आहेच, आणि कैरीचं लोणचं खाल्लं की त्यांच्या गालावर त्या बाजूला घाम येतो, नातवंडं हसतात. डॉक्टर म्हणाले हे होतं काही जणांना, काळजीचं नाही. एवढंच, बाकी जाणकार सांगतीलच.


काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिकातच. तुमच्या आत्यांच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत त्यामुळे त्यांच्या गाठीवर काही मत देत नाही, पण असा रिपोर्ट का येतो ते सांगतो. आणि आतोबांना आधी सांगा की त्या लॅबवाल्याला कळलंय, आणि कळलंय म्हणूनच त्यानं 'अनिश्चित' लिहिलंय. मला भीती उलट अशा रिपोर्टची वाटते जिथं नुसत्या सुईवर छातीठोकपणे 'बिनाइन' म्हणजे साधी असं लिहून मोकळे होतात.

आधी ती पेशी. लाळेच्या ग्रंथीत लाळ तयार करणाऱ्या पेशींच्या बाहेरून एक पातळ थर असतो, तो मायोएपिथेलियल पेशींचा. अर्ध्या स्नायूच्या, अर्ध्या अस्तराच्या. त्या आवळल्या की लाळ पुढं ढकलली जाते. घामाच्या ग्रंथीत असतात, अश्रूंच्या ग्रंथीत असतात, स्तनात असतात, बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे ह्याच पेशी आवळतात म्हणून. दोन जातींची अशी सरमिसळ असल्यामुळे ह्यांची गाठ झाली की ती सोंगं फार घेते. कधी लांबुळक्या पेशी, कधी गोल गरगरीत, कधी केंद्रक एका कडेला सरकलेलं अगदी प्लाझ्मा पेशीसारखं, कधी आत काहीच नसल्यासारख्या पांढऱ्या स्वच्छ पेशी, आणि कधी हे सगळं एकाच स्लाइडवर. नवखा माणूस प्लाझ्मासायटोमा (प्लाझ्मा पेशींची गाठ) म्हणून बसतो, दुसरा म्हणतो स्नायूची गाठ.

आता मूळ प्रश्न. लाळग्रंथीत ही गाठ साधी की कॅन्सरची ह्याचा फैसला पेशीच्या चेहऱ्यापेक्षा गाठीच्या कडेवर जास्त होतो. तुम्ही ओझरचे म्हणजे शेतीतलं कळेल, वावरात उभा असलेला माणूस नुसता बघून तो बांध कोरणारा आहे का हे सांगता येत नाही, बांधावर जाऊन बघावं लागतं. इथं अगदी तसंच. गाठीच्या मधल्या पेशी कितीही शहाण्या दिसू देत, कडेला ती गाठ शेजारच्या चरबीत, चांगल्या लाळग्रंथीत, नसेभोवती किंवा रक्तवाहिनीत घुसलेली असेल तर ती कार्सिनोमा. आणि पेशी जरा ओबडधोबड असल्या पण कड सगळीकडे जागच्या जागी असेल तर लगेच कॅन्सर म्हणत नाही.

आता विचार करा, सुईनं काय येतं? सुई गाठीच्या पोटात जाते, तिथल्या चार पेशी ओढून आणते, त्या आम्ही काचेवर पसरतो. कड त्यात येतच नाही. त्यामुळे ह्या पेशी मायोएपिथेलियल आहेत एवढं कळतं, घुसखोरी आहे का हे कळूच शकत नाही. म्हणून लाळग्रंथीच्या सुईच्या रिपोर्टसाठी २०१८ मध्ये जी मिलान पद्धत आली तिच्यात हा वेगळा कप्पाच ठेवलाय, चार-बी, निओप्लाझम नक्की आहे पण साधा का वाईट ते सुईवर सांगता येत नाही. त्या कप्प्यातल्या सगळ्या प्रकारच्या गाठी धरल्या तर पुढं ऑपरेशननंतर साधारण ३५ टक्के मॅलिग्नंट निघतात, म्हणजे बऱ्याचशा साध्याच निघतात पण दुर्लक्ष करण्याइतका धोका कमीही नाही. परत सुई मारली तरी फार तर हेच उत्तर दुसऱ्या लेटरहेडवर येईल.

कडेचंही इतकं सरळ नाही बरं का. साध्या गाठीची कॅप्सूल म्हणजे बाहेरचं वेष्टण कुठं जाड कुठं पातळ असते, कुठं नसतेच, टाळूवरच्या छोट्या ग्रंथीतल्या गाठींना तर नीट कॅप्सूल सापडतच नाही. साध्या गाठीला बाहेर फुगवटे येतात, ते एका पातळ कापात वेगळ्या बेटासारखे दिसतात आणि माणूस फसतो की ही बाहेर पडली. उलट मायोएपिथेलियल कार्सिनोमा बारीक मुळ्या सोडत जाण्यापेक्षा बऱ्याचदा गोळेच्या गोळे पुढं ढकलत जातो, कड गुळगुळीत दिसते, आणि माणूस म्हणतो अरे ही तर कॅप्सूलच्या आत आहे. त्याच्या पेशीही कैक वेळा सौम्य दिसतात, म्हणून हा कॅन्सर साधी गाठ समजून सुटून जातो, प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा म्हणून रिपोर्ट होतो आणि काही वर्षांनी परत येतो. मी कमी पॉवरवर आधी एक गोष्ट बघतो, त्या प्रत्येक गोळ्याच्या परिघावर पेशींची दाटी आणि मधे विरळ, चिकट किंवा काचेसारखा गुलाबी भाग, असा नकाशा दिसला की माझे कान टवकारतात. मधे मेलेला भाग म्हणजे नेक्रोसिस दिसला तर अजूनच.

मग आकडे येतात. १९९८ मध्ये जपानी लोकांनी ह्यावर काम केलं होतं, त्यातून दोन निकष आजही वापरतात, १० हाय पॉवर फिल्डमध्ये (मोठ्या पॉवरवर एका वेळी दिसणारा भाग) ७ पेक्षा जास्त मायटोसिस म्हणजे दुभंगणाऱ्या पेशी किंवा केआय-६७ (वाढत्या पेशी किती ते दाखवणारा रंग) हा १० टक्क्यांच्या वर गेला तर कार्सिनोमाकडे झुकायचं. पण केआय-६७ चा आकडा कुठं मोजला, कोणी मोजला, सगळ्यात गर्दीचा भाग घेतला का सरासरी, ह्यावर हलतो. ६ टक्के आला म्हणून कड न बघता साधी म्हणायचं नाही आणि १२ आला म्हणून कड न बघता कॅन्सरही म्हणायचं नाही. माझ्यासाठी तो साक्षीदार आहे, निकाल त्याच्या हातात नाही.


ओझरकर

काचपट्टी सर, खरंच खूप आभार, आतोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, बांधाचं त्यांना बरोबर कळलं, त्यांची स्वतःची केस चालू आहे बांधाची निफाड कोर्टात! पण मग ते दुसरं राहिलं. सुईत कड येत नाही हे समजलं, मग जरा मोठा तुकडा काढून बायोप्सी का नको, तुकडा कडेवरचाच काढायचा? आणि ते नेटवर एस-१००, पी६३ असल्या टेस्ट वाचल्या, त्या करून घेतल्या तर नक्की कळेल का? खर्चाचं बघू, पण आत्याला ऑपरेशनआधी उत्तर पाहिजे.


कानघसा_नाशिकरोड

ईएनटी सर्जन इथं. बायोप्सीचं मी सांगतो.

पॅरोटिडमधल्या गाठीला बाहेरून चिरून तुकडा काढत नाहीत. कारण तुमच्या शेजारच्या काकूंच्या बोलण्यात एक टक्का तथ्य आहे, ते इथं. बारीक सुईनं गाठ पसरत नाही, असं होणं अगदी दुर्मिळ. पण गाठीची कॅप्सूल फाडली, आतला माल बाहेर सांडला तर ह्या जातीच्या गाठी, अगदी साध्या असल्या तरी, त्या जागी परत उगवतात आणि उगवताना एक नाही, दाणे दाणे होऊन उगवतात. मग दुसऱ्या ऑपरेशनला चेहऱ्याची नस सांभाळणं फार अवघड जातं. म्हणूनच नुसती गाठ सोलून काढणं पण आता करत नाहीत, तिच्याभोवतीचा चांगल्या ग्रंथीचा भाग घेऊनच काढतात, त्याला सुपरफिशियल पॅरोटिडेक्टॉमी म्हणतात. नस ग्रंथीला दोन मजल्यात विभागते असं समजा, वरचा मजला गाठीसकट काढायचा आणि नस एकेक फांदी डोळ्यांनी बघत वाचवायची. कापही कानासमोरून पाळीखालून मानेच्या घडीत जातो, नंतर फार दिसत नाही.

त्यामुळे आत्यांना नीट समजावा, इथं ऑपरेशन हीच तपासणी आहे आणि गाठ साधी निघाली तर तोच उपचारही पूर्ण झाला. उत्तर आधी आणि ऑपरेशन नंतर असा क्रम ह्या गाठीत मिळत नाही.

ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून तिथल्या तिथं तपासणं) करता येतं, मी पाठवतो कधी कधी, पण तेव्हाही पॅथॉलॉजिस्ट एखाद दुसरा तुकडा बघणार, सगळी कड नाही. फ्रोझनवर 'कॅन्सर दिसत नाही' आलं तरी पक्का रिपोर्ट येईपर्यंत पेढे वाटायचे नाहीत.

काय बघून मी घाबरतो ते पण सांगतो. गाठ पटकन वाढायला लागली, दुखायला लागली, वरची कातडी चिकटली, हलवली तर हलत नाही, मानेत दुसऱ्या गाठी लागल्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशनच्या आधीच डोळा नीट मिटत नाही किंवा तोंड वाकडं व्हायला लागलं, तर मी एमआरआय करतो आणि तयारी वेगळी ठेवतो. वर्षानुवर्षं झोपलेली गाठ अचानक जागी झाली तर ते पण हलक्यात घेत नाही, कारण जुन्या प्लिओमॉर्फिक अॅडिनोमातून मायोएपिथेलियल कार्सिनोमा निघू शकतो. तुमच्या आत्यांची वाढ दिवाळीपासूनची आहे म्हणता, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका. उद्याच रात्री ऑपरेशन करा असंही नाही.


सिन्नरचा_भाऊ

मंडळी आमच्याकडे दोडी भागात एक जण गाठीवर पाल्याचा लेप देतो, माझ्या मावशीची गाठ बसली त्यानं, ऑपरेशन कशाला. फोन नंबर पाहिजे तर मेसेज करा.


कानघसा_नाशिकरोड

भाऊ, मावशीची गाठ कशाची होती ते तपासलं होतं का? लाळग्रंथीला सूज आलेली किंवा पू झालेला असेल तर तो आपोआपही बसतो. निओप्लाझम लेपानं बसत नाही, वरची कातडी मात्र भाजते आणि मग आम्हाला कापायला चांगली कातडी उरत नाही. नंबर इथं देऊ नका.


काचपट्टी

ओझरकर, टेस्टचं राहिलं ते लिहितो. एस-१००, सायटोकेरॅटिन, पी६३, कॅलपोनिन, स्मूथ मसल अॅक्टिन, सॉक्स-१०, जीएफएपी, म्हणजे पेशीतली ठराविक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या आयएचसी टेस्ट, हा सगळा ताफा एकाच प्रश्नासाठी आहे, ही पेशी कोण? मायोएपिथेलियल आहे का दुसरीच कोणी सोंग घेऊन आलीये. साध्या गाठीतही हे रंग येतात, कार्सिनोमातही येतात. त्यामुळे 'आयएचसी केलं म्हणजे नक्की कळेल' असं कोणी सांगितलं तर त्याला विचारा, नक्की काय कळेल? रिपोर्टला ह्या मार्करची लांबलचक यादी जोडली की तो भारी वाटतो आणि पेशंटला पण वाटतं पैसे वसूल झाले, पण साधी की वाईट ह्या प्रश्नावर त्या यादीतला एकही मार्कर तोंड उघडत नाही. केआय-६७ तेवढा थोडं बोलतो.

जीन टेस्टचं पण तसंच. पीएलएजी-१ नावाच्या जीनची मोडतोड प्लिओमॉर्फिक अॅडिनोमात असते, आणि मायोएपिथेलियल कार्सिनोमातही सापडते, तेव्हा ती दोघांना वेगळं करत नाही. दोन जीन एकमेकांना चिकटून झालेल्या काही ठराविक जोड्या कार्सिनोमात जास्त दिसल्यात, पण त्यासाठी आत्यांना आत्ता खर्चात पाडू नका.

पैसे घालायचेच तर गाठ नीट कापली जाईल ह्याच्यात घाला, खरं तर त्याला पैसे लागतच नाहीत, आग्रह लागतो. गाठ ऑपरेशन थिएटरमधून अख्खी यायला हवी. सर्जननं किंवा नातेवाइकानं कुतूहल म्हणून मधे चिरून बघायची नाही, हे मी हसत लिहितोय पण फार होतं हे, कड मुडपते आणि मग खरी कड कुठली नि चिरलेली कुठली ह्यात आम्ही दिवस घालवतो. बरणी मोठी, फॉर्मॅलिन भरपूर, गाठीच्या दहा पट तरी, औषधाच्या छोट्या बाटलीत कोंबलेली गाठ आतून सडते. मग आमच्याकडे आल्यावर बाहेरून शाई लावायची, वाळू द्यायची, आणि ३-४ मिमीच्या चकत्या करायच्या. शाई कशाला, तर नंतर मायक्रोस्कोपखाली ती काळी रेघ दिसली की समजतं ही खरी बाहेरची कड, आणि गाठ त्या रेघेपासून किती लांब आहे ते मोजता येतं. चकत्या टेबलावर मांडल्या की डोळ्यांनीच बरंच दिसतं, कुठं पांढरट राखाडी चकाकी, कुठं जेलीसारखं, कुठं पिवळट मेलेला भाग, कुठं कड धूसर झालेली. जिथं धूसर तिथला तुकडा पहिला. पण धूसर काहीच दिसलं नाही तरी कडेचे तुकडे जास्त घ्यायचे, मधले कमी. २.८ सेंमीची गाठ आहे ना, एवढ्या गाठीत अख्खी कड बघणं सहज शक्य आहे. एखादा फुगवटा संशयास्पद वाटला तर त्याच ब्लॉकचे अजून खोलवर काप घेऊन बघायचं तो मुख्य गाठीला जोडलेला आहे का सुटा फिरतोय. ह्याच्यामुळे रिपोर्टला दोन दिवस जास्त लागतात, त्या दोन दिवसात लॅबला दहा फोन करू नका एवढीच विनंती.


थकलेला_रेसिडेंट

सर, चांगला धागा आहे म्हणून मधेच घुसतो. मी पॅथॉलॉजीत पीजी करतोय. परवा एका पेशंटच्या मांडीतली गाठ आली, सबक्युटेनिअस म्हणजे कातडीखालची, मायोएपिथेलियल निघाली, कडेला एका ठिकाणी चरबीत गेलेली दिसत होती म्हणून मी मनात मॅलिग्नंट ठरवून टाकलं तर मॅडम म्हणाल्या इथं हा नियम लावू नकोस. एवढं बोलून त्या मीटिंगला गेल्या. मग पॅरोटिडला एक न्याय आणि मांडीला दुसरा असं का?


काचपट्टी

मॅडम बरोबर आहेत. सॉफ्ट टिशूतल्या (चरबी, स्नायू अशा मऊ भागातल्या) मायोएपिथेलियल गाठींवर हॉर्निक आणि फ्लेचर ह्यांचं २००३ चं काम आहे, १०१ पेशंटचं, ते मिळवून वाच, अजूनही सगळे त्याच्याच आधारानं बोलतात. तिथं त्यांना असं दिसलं की कड घुसलेली आहे का नाही ह्यावरून पुढचं भविष्य सांगता येत नाही, साध्या गाठीतही कड थोडी घुसलेली असते. फरक पाडतो तो पेशीचा चेहरा. केंद्रकं सौम्य किंवा थोडीशीच बिघडलेली असतील तर साधी, मोठं ठसठशीत न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका), रवाळ किंवा मोकळं झालेलं क्रोमॅटिन (केंद्रकातला माल), आकारात भरपूर फरक, म्हणजे मध्यम ते तीव्र अटिपिया (बिघाड) असेल तर मॅलिग्नंट. त्यांच्या पेशंटमध्ये साध्या म्हटलेल्या गाठी सुमारे १८ टक्क्यांत त्याच जागी परत आल्या पण एकही लांब पसरली नाही, आणि मॅलिग्नंट म्हटलेल्या ४२ टक्क्यांत परत आल्या, ३२ टक्क्यांत पसरल्या. बघ, 'साधी' म्हटलेली पण परत येऊ शकते, तेव्हा रिपोर्टात मार्जिनचं, म्हणजे कापलेल्या कडेचं, नीट लिहायचं.

म्हणजे तू वर जे वाचलंस ते बरोबर उलटं धरायचं. लाळग्रंथीत कड मोठी आणि चेहरा दुय्यम, सॉफ्ट टिशूत चेहरा मोठा. मला विचारशील तर अशा केसमध्ये सगळ्यात जास्त घोळ ह्यामुळेच होतो, लोक एका अवयवाचा नियम दुसऱ्याला लावतात. रिक्विझिशन फॉर्मवर जागा नीट लिहिलेली नसते, नुसतं 'मास' लिहून पाठवतात, मग काय बोंबला.

आणि ईडब्ल्यूएसआर-१ ह्या जीनचं फिश (जीन मोडलाय का ते बघायची टेस्ट) करायला धावू नकोस लगेच. सॉफ्ट टिशूतल्या जवळपास निम्म्या मायोएपिथेलियल गाठींत ह्या जीनची मोडतोड सापडते, साध्यात पण आणि मॅलिग्नंटमध्ये पण, त्यामुळे निदानाला मदत होते, साधी की वाईट ह्याला होत नाही. शिवाय तोच जीन इविंग सार्कोमा ह्या वेगळ्याच कॅन्सरात पण मोडलेला असतो, नुसत्या 'पॉझिटिव्ह' शब्दावर गेलास तर फार लांब जाशील. लहान मुलाची गाठ असेल तर मात्र जास्त सावध राहा, मुलांमध्ये मॅलिग्नंटचं प्रमाण जास्त असतं, आणि आयएनआय-१ ह्या प्रथिनाचा रंग लावून बघ, काहींमध्ये तो गेलेला असतो.

स्तनातली अॅडिनोमायोएपिथेलिओमा हा अजून तिसरा विषय, तिथं आतली अस्तराची पेशी आणि बाहेरची मायोएपिथेलियल अशा दोन्ही वाढतात आणि दोन्हीपैकी कोणीही किंवा दोघंही बिघडू शकतात. इथं नको, वेगळा धागा काढ.


थकलेला_रेसिडेंट

कळलं सर. पेपर काढलाय, आज रात्रीची ड्यूटी आहेच. धन्यवाद!


ओझरकर

बाप रे, म्हणजे मी जे नेटवर वाचत होतो त्यात अर्धं मांडीचं नि अर्धं गालाचं मिक्स होतं की काय! तरीच.

घरी बोलणं झालं. आतोबा परत सुई मारायचं म्हणत नाहीयेत आता. आत्या तयार झालीये पण एका अटीवर, मुंबईला जायचं नाही, ऑपरेशन नाशिकलाच. चुलतभाऊ अजून टाटा टाटा करतोय. समजा इथं ऑपरेशन केलं आणि रिपोर्ट वाईट आला किंवा परत तसाच अनिश्चित आला तर नंतर मुंबईला दाखवता येतं का, का तेव्हा उशीर झालेला असतो? आणि वाईट आलाच तर किमो वगैरे लागते का, आत्याला केस जाण्याचीच जास्त धास्ती आहे.


कानघसा_नाशिकरोड

नाशिकला पॅरोटिडची ऑपरेशनं नियमित होतात, फक्त सर्जनला सरळ विचारा की तुम्ही पॅरोटिड वरचेवर करता का, हा प्रश्न विचारल्याचं कोणाला वाईट वाटत नाही, वाटलं तर दुसरा सर्जन बघा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारून घ्या, अॅडमिट झाल्यावर नाही.

रिपोर्ट कार्सिनोमा आला तर पहिलं बघायचं कापलेली कड मोकळी आहे का, म्हणजे गाठ तिथपर्यंत आलेली नाही ना. गरज पडली तर पुन्हा जाऊन अजून भाग काढावा लागतो, आणि घुसखोरी जास्त असेल, नसेभोवती असेल, कड मोकळी नसेल तर रेडिएशन देतात. ह्या कॅन्सरमध्ये किमोचा वाटा फार थोडा आहे, तेव्हा केसांची धास्ती आत्ता घेऊ नका म्हणावं. हा पसरला तर फुप्फुसात जाण्याची शक्यता जास्त, म्हणून तसं निदान झालं तर छातीचा सीटी सांगतील, सांगितला म्हणून पसरलाच असं धरून बसू नका.


काचपट्टी

उशीर होत नाही. मुंबईला पेशंटच्या आधी ब्लॉक पाठवता येतात. ऑपरेशननंतर गाठीचे तुकडे मेणात बसवलेले असतात, ते पॅराफिन ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबकडे राहतात, अर्ज देऊन सही करून ते तुम्हाला मिळतात, परळला टाटामध्ये असे बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड रिव्ह्यू करतात, इतर मोठ्या ठिकाणीही करतात. रिपोर्ट कार्सिनोमा आला तर रिव्ह्यू जरूर करा, आणि अनिश्चित आला तर त्याहून जरूर करा, त्यात इथल्या पॅथॉलॉजिस्टचा अपमान वगैरे काही नाही, मी स्वतः पाठवतो. सगळे ब्लॉक मागा, निवडक नको, कारण तिकडचा माणूस पण कडच शोधणार आहे. नुसत्या स्लाइड नेल्या तर तिकडे खोलवर काप घेता येत नाहीत, म्हणून ब्लॉक हवेतच. सोबत सोनोग्राफीचा, एफएनएसीचा आणि ऑपरेशन नोटचा कागद.

सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं चुलतभावाला पाठवा, दादरला उतरला की परळ जवळच, त्याचीही हौस भागेल. मात्र ब्लॉक पिशवीत नीट गुंडाळून अंगाशी ठेवायचे. गाडीनं जाणार असाल तर डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण आहे ते, मऊ पडतं.

रिपोर्ट आला की त्यात तीन ठिकाणी बोट ठेवून बघा, कॅप्सूल आणि घुसखोरीबद्दल काय लिहिलंय, कडेपासून अंतर किती मिमी आणि किती तुकडे तपासले. घुसखोरीबद्दल एक शब्द नसेल, ना 'आहे' लिहिलेलं ना 'नाही', तर निदान काहीही लिहिलेलं असो, लॅबला फोन करून विचारा. तेव्हा फोन केलेला मला चालतो.


ओझरकर

हे तिन्ही मुद्दे कागदावर लिहून घेतले. सर्जनची अपॉइंटमेंट सोमवारची मिळालीये, आतोबा पण येतायत. गाठ अख्खी पाठवा नि मोठी बरणी वापरा हे मी बोलू का आतोबांना बोलू देऊ ह्यावर आता घरात चर्चा चालू आहे.


लासलगावची_सून

आतोबांना बोलू द्या दादा, बांधाची केस लढणारा माणूस आहे, मागे हटणार नाही 😄 आणि ऑपरेशननंतर पहिले काही दिवस आत्यांना मऊ भात, पेज असंच द्या, जास्त चावायला लागलं की दुखतं. आंबट काही दिवस नकोच, लाळ सुटली की जखमेत ठणकतं, सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी लिंबू सरबत मागितलं होतं.